आठवी ब आणि बाह्य बल

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं.

हेडबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आठवी ब मधली सहा पोरं शाळा सुरू झाल्यापासून वर्गात तोंड उघडत नाहीत, हा काय प्रकार आहे, म्हणाल्या. २९ तारखेला तपासणी समिती येतेय, आणि ती खास बुजऱ्या मुलांचा सहभाग बघणार आहे. सहाही जण बोलले तर ठीक. नाही बोलले तर आठवी ब गणिताच्या बाईंकडे आणि मी प्रयोगशाळेच्या स्टोअरमध्ये, फुटक्या परीक्षानळ्यांची यादी करत. हे सगळं त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मीही शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर पडताना दार जोरात आपटलं, पण ते वाऱ्याने.

बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. हाडाचा शिक्षक आहे मी. वर्ग काढून घेतला तर माझं उरणार काय? चष्म्याची केस आणि डबा.

संकल्प: रागवायचं नाही. डस्टर फेकायचा नाही. खडू फेकायचा नाही. (बारीक तुकडे चालतील.)

२ सप्टेंबर, मंगळवार

सहा जणांची यादी केली. खिडकीवाला, सतत बाहेर बघतो. चष्मा. उंट, उंचीत मला मागे टाकेल पण आवाज नाही. जुळे, दोघं मिळून अर्धं वाक्यही बोलत नाहीत. आणि शेवटच्या बाकावरची मूठ. या मुलीचा उजवा हात कायम मिटलेला असतो आणि नजर थेट माझ्यावर. बाकीचे पाच खाली तरी बघतात.

यापुढे त्यांना 'ठोंबे' म्हणायचं नाही. 'भावी वक्ते' म्हणायचं.

धडा: बल आणि गती. खिडकीवाल्याला प्रेमाने विचारलं, बल म्हणजे काय. भरपूर थांबलो. तीन सेकंद तरी. ढिम्म. मग उत्तर मीच सांगितलं. मग उंटाला विचारलं, मग तेही मीच सांगितलं. नंतर डस्टर हातातून निसटला. आठ बाक ओलांडून मागच्या भिंतीवर गेला, म्हणजे निसटला तरी नेम चांगला होता.

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ७.१०

दाढी करताना सुचलं. जडत्व! स्थिर वस्तूवर बाहेरून बल लावलं नाही तर ती स्थिरच राहते. बुजरी पोरं म्हणजे दुसरं काय? इतकी वर्षं हेच शिकवतोय आणि माझ्याच लक्षात येऊ नये! आनंदाच्या भरात गाल कापला. हिला हाक मारली. ही म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. तिने कापूस लावला आणि म्हणाली, बाहेरून बल म्हणजे तुम्ही नक्की काय करणार आहात? तिच्या आवाजात उगाच काळजी होती. दिवसभर जखमा बघून बघून तिला सगळीकडे पेशंट दिसतात.

यावर निबंध लिहायचा. शिक्षक परिषदेत वाचायचा. टाळ्या मिळतील.

४ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या ट्रेनिंगमध्ये एक मॅडम सांगत होत्या: स्पंजचा चेंडू वर्गात फिरवावा, ज्याच्या हातात येईल त्याने बोलावं. पोरं खेळता खेळता खुलतात म्हणे. आज करून बघितलं. चेंडू उंटाच्या कपाळाला लागून खाली पडला. जुळ्यांमधल्या एकाला लागला, तर बघितलं दुसऱ्याने. मूठने एका हाताने झेलला, बाकावर ठेवला आणि पुन्हा माझ्याकडे बघत बसली.

निदान स्पष्ट आहे. बल कमी पडतंय.

८ सप्टेंबर, सोमवार

पी.टी. सरांकडून टेनिसचे चेंडू आणले. नवा नियम: प्रश्न, एक-दोन-तीन, चेंडू. विचार करायला वेळ दिला की पोरं लाजतात, म्हणून वेळच द्यायचा नाही. शास्त्रीय आहे.

खिडकीवाला ऐन वेळी खाली वाकला. खिडकीची काच गेली.

पण वाकला! तीन महिने जो मुलगा पापणी हलवत नव्हता त्याने पाव सेकंदात प्रतिसाद दिला. सहा जणांच्या सहभागाचा तक्ता केलाय, त्यात अर्धी खूण केली. शिपाईमामा काचा गोळा करताना पुटपुटले की, सर, पोराच्या कानाजवळून गेला हो. मी म्हटलं, मामा, शिक्षणात जवळ जाणंच महत्त्वाचं असतं. ते झाडू घेऊन बघतच राहिले.

९ सप्टेंबर, मंगळवार

वर्गात शिरलो तर बेचाळीस पोरांनी दप्तरं डोक्यासमोर धरलेली. मला भरून आलं. एवढी एकजूट आठवी ब मध्ये कधी नव्हती.

मी फेकलेला चेंडू पहिल्या बाकावरच्या बडबड्याने मागे फेकला, मागच्याने कंपासपेटी फेकली, ती मधल्या एकाच्या मानेवर बसली. मग काय, सुरूच झालं. बाटल्या, डबे, एक बूट. दोघं एकमेकांच्या छातीवर. एकीने एकीच्या वेण्या धरून तिला बाकाखाली ओढलं. मी टेबलावर चढून ओरडलो, पण आवाज पोचेना, म्हणून पट्टी टेबलावर आपटली. मोडली. तुकडा माझ्याच हनुवटीला लागला.

सहभाग शंभर टक्के. फक्त ते सहा जण सोडून. ते दप्तराआड बसून होते.

संध्याकाळी हिने हनुवटीला दोन टाके घातले. कसं लागलं, विचारलं. म्हटलं, प्रयोग.

११ सप्टेंबर, गुरुवार

ऐतिहासिक दिवस!

टेनिसचा चेंडू हलका पडतो हे सिद्ध झालंच होतं. आज हँडबॉल. चष्म्याला विचारलं, घर्षण म्हणजे काय. एक-दोन-तीन. नेम नाकावर बसला. चष्मा दोन तुकडे, शर्टावर रक्त, आणि तो चक्क बोलला! 'आई गं' म्हणाला. स्वच्छ, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं. शाळा सुरू झाल्यापासूनचे त्याचे पहिले शब्द, आणि ते माझ्या तासाला.

तक्त्यात पूर्ण खूण केली. एक झाला. पाच उरले.

शिपाईमामा त्याला हॉस्पिटलला घेऊन गेले. मूठ उभी राहून त्याच्या चष्म्याचे तुकडे गोळा करत होती. तिला सांगितलं, खाली बस. बसली नाही. तुकडे गोळा झाल्यावर बसली.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.३०

चष्मा नेमका हिच्याच ड्यूटीत गेला. तिने त्याचं नाक धुतलं, पट्टी लावली, आणि कुणी मारलं विचारलं, तर तो म्हणाला, सरांनी, पण ते शिकवत होते. हे सांगताना हिचे डोळे लाल झाले. मी म्हटलं, बघ, त्यालाही कळलंय की मी शिकवत होतो. तर हिने हातातलं पातेलं ओट्यावर असं आपटलं की बूड चेपलं. मी शांत राहिलो आणि बेडरूमचं दार लावून घेतलं. बिजागरी निखळली. या घरातली दारं मुळातच कच्ची आहेत.

ती म्हणाली, तुम्हाला एक दिवस त्या पोरांतलं कुणीतरी ठोकणार आहे, आणि तेव्हा मी कुणाच्या बाजूने असेन ते विचारू नका.

विचारलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चष्म्याचे वडील आले होते. ट्रक दुरुस्त करतात. हात पान्यासारखे. कॉरिडॉरमध्ये भेट झाली, पालकांशी संवाद असावा असं मी नेहमी म्हणतोच. त्यांनी मला कॉलरला धरून नोटीस बोर्डावर टेकवलं. पाय जमिनीला लागत नव्हते. म्हणाले, पोराचं नाक आहे ते, गोलपोस्ट नाही. मी जडत्वाचा सिद्धांत समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मला बोर्डावर आणखी दोनदा टेकवलं. शर्टाची तीन बटणं गेली. मामांनी सोडवलं. जरा उशिराच सोडवलं, असं वाटलं.

हेडबाईंनी लेखी मेमो दिला. वर्गात कोणतीही वस्तू विद्यार्थ्याच्या दिशेने फेकू नये. मेमो चार वेळा वाचला. 'फेकू नये' असं आहे. 'आपटू नये' असं कुठेच नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

लाकडी मोठी पट्टी. फेकायची नाही. भावी वक्त्याच्या शेजारी उभं राहायचं, प्रश्न विचारायचा आणि तीन म्हणताना पट्टी त्याच्या बाकावर, कानाशेजारी. कानाला लावायची नाही, हे लक्षात ठेवलं.

उंट असा दचकला की बाकासकट उठला आणि बाक माझ्या पायावर कोसळला. अंगठ्याचं नख काळंनिळं. मी तोंडातून काढलेले शब्द इथे लिहीत नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते लिहून घेतले. नोट्स काढतात, चांगली सवय आहे.

जुळ्यांपैकी एकाला रडू फुटलं. दुसऱ्याने त्याला थोबाडीत दिली, गप बस म्हणून. 'गप बस' हे दोन शब्द धरले तर तक्त्यात दुसरी खूण. धरले.

१७ सप्टेंबर, बुधवार

रजा. पाय बुटात जात नाही. ही बोलत नाही. बुजरेपणा संसर्गजन्य असावा. निबंधात मुद्दा घालायचा.

२२ सप्टेंबर, सोमवार

आठवडा उरला आणि पूर्ण खुणा दोनच. डोक्यात नुसता जाळ. सकाळी दूधवाल्यावर ओरडलो, रिक्षावाल्यावर ओरडलो, स्टाफरूममध्ये गणिताच्या बाईंनी आठवी ब चं टाइमटेबल सहज बघितलं तर त्यांच्या हातातून कागद ओढून फाडला. त्यांनी अर्धा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, सर, पाणी प्या. मला पाणी प्या म्हणतात! हात शिवशिवत होते, पण खिशात घातले. खिसा उसवला.

मात्र तिसऱ्या तासापर्यंत मार्ग सापडला. पी.टी. सरांच्या खोलीत मेडिसिन बॉल आहे. चामड्याचा, तीन किलो. फेकायचा नाही, आपटायचा नाही. फक्त धरायचा. उभं राहून, हात सरळ पुढे. उत्तर दिलं की खाली ठेवायचा. मेमोचा कुठेही भंग नाही. हे मला वीस दिवस आधी का सुचलं नाही?

२३ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी, हॉस्पिटलमधून. डाव्या हाताने लिहितोय.

पहिला खिडकीवाला. दीड मिनिटात बॉल सोडला, स्वतःच्याच पायावर. हुंदका दिला. शब्द नाही.

जुळे एकत्र धरू का म्हणून खुणेने विचारत होते. नाही म्हटलं.

उंट चार मिनिटं. हात लटलट कापत होते, नाकातून पाणी, ओठ हलत होते. काहीतरी म्हणायला लागला होता, पण तोवर मी पुढचा प्रश्न विचारला होता. नियम तो नियम.

मग मूठ. तिला पुढे, तिसऱ्या बाकापाशी उभं केलं. पहिल्यांदाच तिची मूठ उघडलेली बघितली. आत काही नव्हतं. बॉल घेतला, हात सरळ केले. मी विचारलं, बलाचं सूत्र सांग. एक-दोन-तीन. नाही. मग गतीचं. नाही. मी प्रश्न विचारत गेलो, उत्तरं देत गेलो, ओरडत गेलो, टेबल ठोकलं, फळा ठोकला, तू दगड आहेस का म्हणालो, आणखीही काय काय म्हणालो. ती बॉल धरून उभी. घाम हनुवटीवरून टपकत होता. वीस मिनिटं. घंटा झाली. मी म्हटलं, दे इकडे.

दिला. दोन बाकांवरून, दोन्ही हातांनी, छातीपासून.

मी झेलायला उजवा हात पुढे केला. अंगठ्याचं हाड मोडलं आणि बॉल तरीही पुढे येऊन बरगडीवर बसला. मी टेबलावर, टेबल फळ्यावर, फळा खाली. तीन किलो आणि तो वेग. सूत्र तिला येत होतं, यात शंका नाही.

प्लास्टर हिने घातलं. ओलं बँडेज गुंडाळताना हात एकदाही हलका नव्हता. कुणी मारलं, विचारलं नाही. फक्त म्हणाली, किती वेळ उभी केली होती तिला? मी म्हटलं, वीस मिनिटं. त्यानंतर तिने बँडेज आणखी घट्ट ओढलं आणि मी जो ओरडलो तो वॉर्डभर ऐकू गेला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बरगडी दुखते, म्हणून हळू बोलतो. प्लॅन पक्का. सहा जणांना सहा चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येकीवर एक प्रश्न, एक उत्तर. समितीसमोर मी विचारणार, त्यांनी घडाघडा म्हणायचं. प्रेमाने सांगितलं की जो म्हणणार नाही त्याचं काय होईल ते मी आत्ता सांगत नाही. सांगताना प्लास्टरचा हात टेबलावर पडला. टेबलावरची काच तडकली. प्लास्टर उत्तम आहे.

मूठने चिठ्ठी वाचली, चार घड्या घातल्या आणि माझ्या टेबलावर परत ठेवली.

पाच पुरतील. सहावी आजारी आहे म्हणून सांगू.

२९ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी

समितीत दोन पुरुष आणि एक वयस्क मॅडम. हेडबाई सोबत. मी फळ्यापाशी उभा राहून पहिला प्रश्न विचारणार तोच मॅडम म्हणाल्या, सर, तुम्हाला लागलंय, तुम्ही बसा, वर्ग आज मी घेते. जागा एकच रिकामी होती. शेवटच्या बाकावर, मूठच्या शेजारी.

मॅडमनी विचारलं, या वर्गात प्रश्न विचारला की काय होतं, कुणी सांगेल का? आणि गप्प बसल्या. चिठ्ठ्यांमधला प्रश्न नव्हता हा. मी मनात मोजायला लागलो. एक-दोन-तीन. चार. पाच. बाई वेडी आहे की काय! आठ. नऊ. खुर्चीवर बसून नुसती बघतेय. माझा प्लास्टरमधला हात ठणकायला लागला. अकराव्या सेकंदाला माझ्या शेजारचा हात वर गेला.

मूठ बोलायला लागली. आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, जरा घोगरा आहे. म्हणाली, मला सगळी उत्तरं येतात. मी मनात वाक्य जुळवते, मग बोलते. मला थोडा वेळ लागतो. सर विचारतात आणि लगेच मारतात. मधे वेळच नसतो.

एवढंच. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. मग चष्मा उठला, पट्टी अजून नाकावर. तो म्हणाला, मलाही घर्षण येत होतं. मग खिडकीवाला. काच, कान. मग उंट, त्याला म्हणे त्या दिवशी सूत्र आठवलं होतं आणि तो सांगतच होता. मग जुळे, दोघं, वेगवेगळी पूर्ण वाक्यं. न अडखळता. हात वर करून, एकमेकांचं ऐकून, एकेक करून. बावीस वर्षांत इतका सुंदर सहभाग मी माझ्या वर्गात बघितला नव्हता. सहाच्या सहा. आणि बोलत होते ते माझ्याबद्दल.

मी खरंच म्हणणार होतो की बघा, बोलले की नाही सगळे! ओठांवर आलं होतं.

हेडबाईंनी विचारलं, सर, तुम्हाला यावर काही म्हणायचंय?

उठून उभा राहिलो. बेचाळीस तोंडं माझ्याकडे. म्हणायचं खूप होतं. जडत्व, बावीस वर्षं, माझा अंगठा, माझी बरगडी, मी वाईट माणूस नाही, हाडाचा शिक्षक आहे. वाक्य जुळेना. एक सुरू केलं की दुसरं मधे येई. बाकावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेली रेघ होती, तिच्याकडे बघत राहिलो. हेडबाई कंटाळल्या, म्हणाल्या, बरं, राहू दे, बसा, आपण पुढे...

तेव्हा शेजारून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, बाई, जरा थांबा ना. सरांना वेळ लागेल.

आणि थांबले सगळे. हेडबाई थांबल्या, समिती थांबली, अख्खी आठवी ब थांबली. कुणी खाकरलं नाही, कुणी मोजलं नाही, कुणी काही फेकलं नाही. फेकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की पाणी मिळेल का.

कुणी हसलं नाही. चष्म्याने त्याची बाटली आणून दिली. झाकण मला एका हाताने उघडेना, म्हणून त्यानेच उघडून दिलं.